सही त्याची, पेन्शन तिची

नोव्हेंबर महिना आमच्या महिला मंडळाच्या खोलीत गर्दीचा असतो. पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले. कुणाच्या बोटाचा ठसा मशिनवर उमटत नाही, कुणाचा मोबाईल नंबर बदललेला असतो, कुणाला बँकेत पायऱ्या चढवत नाहीत. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी आम्ही तिघी-चौघी तिथं बसतो आणि जमेल तसे कागद मार्गी लावतो.

२०२५ चा नोव्हेंबर संपून दोन-तीन दिवस झाले असतील. गल्लीतल्या एक काकू आल्या. बराच वेळ कोपऱ्यात बसून राहिल्या आणि बाकीच्या गेल्यावर हळूच म्हणाल्या, "ताई, सगळ्याजणींचे दाखले झाले. माझा कुठं द्यायचा?"

मी विचारलं, "पेन्शन कुठल्या बँकेत येते?"

"येत नाही ना. म्हणून तर विचारते. दाखला दिला की सुरू होईल असं वाटलं."

त्यांचे यजमान केंद्र सरकारच्या एका खात्यात होते. आधी बरीच वर्षं रोजंदारीवर, मग पंचेचाळिशीला कायम झाले आणि पंधरा वर्षं नोकरी करून २०२३ साली निवृत्त झाले. २०२४ च्या दिवाळीआधी गेले. निवृत्तीनंतर दरमहा काहीतरी बँकेत जमा होत होतं, ते ते गेल्यावर थांबलं. काकूंना वाटलं, काहीतरी कागद राहिला असेल. वर्षभर वाट पाहिली. घरातली पिशवी घेऊन या म्हटलं, तर शुक्रवारी त्या साड्यांच्या दुकानाची एक कापडी पिशवीच घेऊन आल्या. लाइटची बिलं, एलआयसीच्या पावत्या, मुलीच्या लग्नाची पत्रिका, आणि त्यातच मधे तो कागद.

ज्यांच्या घरात अशी नोकरी नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. केंद्राच्या नोकरीत १ जानेवारी २००४ नंतर आणि आपल्या राज्याच्या नोकरीत १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. (अपवाद आहेत, ते पुढे येतील.) त्याऐवजी पगारातून दरमहा दहा टक्के कापले जातात, सरकारही आपला वाटा घालतं. केंद्र आधी दहा टक्केच घालायचं, एप्रिल २०१९ पासून चौदा घालतं. हा पैसा बाजारात गुंतवला जातो. हीच एनपीएस. निवृत्त होताना साचलेल्या रकमेतले साठ टक्क्यांपर्यंत हातात मिळतात, उरलेल्या निदान चाळीस टक्क्यांची विमा कंपनीकडून अॅन्युइटी, म्हणजे महिन्याला ठरावीक रक्कम, विकत घ्यायची.

काकूंच्या यजमानांचे साधारण अठरा लाख साचले होते. साठ टक्के लेकीच्या लग्नात आणि घराच्या स्लॅबमध्ये गेले. ते काकूंना माहीत होतं, त्याबद्दल त्यांची तक्रारही नाही. पण उरलेल्या सात लाख वीस हजारांची जी अॅन्युइटी घेतली, ती फक्त त्यांच्या हयातीपुरती होती. तो माणूस असेपर्यंत पैसे. माणूस गेला की पत्नीला काही नाही, मूळ रक्कमही परत नाही.

खरं तर नियमात ज्याला आपोआप मिळणारा प्रकार म्हणतात, तो चांगला आहे. त्यात नवऱ्यानंतर पत्नीला तेवढीच रक्कम तहहयात मिळते आणि दोघांनंतर मूळ पैसा वारसांकडे परत येतो. पण कर्मचाऱ्याला वेगळा प्रकार हवा असेल, तर तसं लिहून देऊन तो घेता येतो. काकूंच्या यजमानांनी तसं लिहून दिलं. का? कारण तुलनेच्या तक्त्यात त्या ओळीसमोरचा आकडा सगळ्यांत मोठा होता. महिन्याला आठशे-हजार रुपये जास्त. त्यांनी काही वाईट मनात धरून केलं असं मला मुळीच वाटत नाही. आपण बाजारात भाजी घेताना करतो तसंच त्यांनी केलं, दोन ठिकाणचे भाव विचारले आणि परवडलं ते घेतलं. फक्त आपण गेल्यावर घरात एक बाई उरणार आहे, हे त्या तक्त्याच्या रकान्यात ठळक लिहिलेलं नसतं. आणि त्या कागदावर तिची सही लागत नाही.

मला जे म्हणायचं आहे ते एवढंच. पेन्शनच्या पर्यायांचा निकाल जिच्या उरलेल्या आयुष्यावर लागतो, तिला त्या पर्यायांच्या वेळी कुणी विचारत नाही.

काकूंच्या बाबतीत आणखी एक गोष्ट झाली, ती मला जास्त लागली. १ एप्रिल २०२५ पासून केंद्रानं यूपीएस आणली, एकीकृत पेन्शन योजना. (पहिल्यांदा हे नाव ऐकलं तेव्हा मला लाइट गेल्यावर कॉम्प्युटर चालू ठेवणारा तो डबाच आठवला होता.) केंद्रीय मंत्रिमंडळानं २४ ऑगस्ट २०२४ ला ती मंजूर केली, दुसऱ्याच दिवशी आपल्या राज्य मंत्रिमंडळानंही स्वीकारली. त्याआधी मार्च २०२३ मध्ये आपल्याकडे 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत राज्य कर्मचाऱ्यांचा आठवडाभर संप झाला होता, तो आठवत असेल. शाळा बंद, सिव्हिल हॉस्पिटलात नर्सेस नाहीत. तेव्हा आपण बायकांनी मुलांच्या बुडालेल्या शाळेची चर्चा केली, पेन्शनची नाही. मीही त्यातलीच.

तर ही यूपीएस घ्यायची की एनपीएसमध्येच राहायचं, हा पर्याय केंद्राच्या कर्मचाऱ्यांना दिला. मुदत आधी ३० जून २०२५, मग ३० सप्टेंबर, मग ३० नोव्हेंबर. हा पर्याय जे ३१ मार्च २०२५ पर्यंत निवृत्त झाले आणि ज्यांची निदान दहा वर्षं नोकरी झाली होती त्यांनाही होता. आणि त्यांच्यातले जे वारले, त्यांच्या पत्नीलाही होता. म्हणजे काकूंना होता! एकरकमी काही रक्कम आणि बसल्यास महिन्याची भर. वजावटी बऱ्याच आहेत, महिन्याला नेमकं किती पदरात पडलं असतं हा हिशेब किचकट आहे. पण वाट होती. ३० नोव्हेंबरला रविवार होता. काकू आमच्याकडे आल्या त्या त्याच आठवड्यात. दोन-तीन दिवसांनी हुकलं.

त्यांना कुणी कळवायचं? खात्यानं? त्यांच्या दृष्टीनं तो माणूस निवृत्त झाला, फाइल बंद. विमा कंपनीनं? तिचा हिशेब कधीच संपला होता. मुलगा म्हणाला, "व्हॉट्सअॅपवर काहीतरी आलं होतं, पण मला वाटलं ते नोकरीत असलेल्यांचं आहे."

गंमत बघा. नवरा जिवंत असताना त्यानं कोणता पर्याय घ्यावा यावर तिची सही नको. तो गेल्यावर मात्र फॉर्म तिनं स्वतः शोधायचा, स्वतः भरायचा आणि तोही मुदतीत.

केंद्राच्या सुमारे तेवीस लाख एनपीएसवाल्यांमधून नोव्हेंबरअखेर सव्वा लाखाच्या आसपास लोकांनी यूपीएस घेतली. बाकीच्यांनी विचार करून नाही म्हटलं की फॉर्म टेबलाच्या खणातच राहिला, हे त्या आकड्यावरून समजत नाही. ज्यांनी काहीच भरलं नाही ते एनपीएसमध्ये राहिले. सरकारी कागदांत गप्प बसणं हेही उत्तर धरलं जातं. आणि ते उत्तर आता बदलता येत नाही.

यूपीएस चांगली की एनपीएस, हे मी सांगणार नाही. घराघरावर आहे ते. पण काय काय विचारायला हवं ते गेल्या काही महिन्यांत आमच्या खोलीत बसून मला थोडं कळलं.

यूपीएसमध्ये पंचवीस वर्षं नोकरी झाली असेल तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन, वर महागाईची वाढ. समजा मूळ पगार सरासरी साठ हजार, तर तीस हजार. तो गेल्यावर पत्नीला त्याच्या साठ टक्के, म्हणजे अठरा हजार, वर महागाई. नोकरी वीसच वर्षं झाली असेल तर तीसाचे चोवीस होतात आणि तिच्या वाट्याला चौदा हजार चारशे. दहा वर्षं भरली असतील तर महिना दहा हजारांची हमी आहे. ऐकायला बरं वाटतं, आणि बऱ्याच घरांसाठी ते बरंच आहे. बाजार पडला तर काय, ही धास्ती नाही.

पण "पत्नीला" या शब्दापाशी थांबा. नियमात आहे तो कायदेशीर विवाहित जोडीदार, आणि तोही निवृत्तीच्या तारखेला असलेला. त्याच्यापुढे कुणी नाही. जुन्या फॅमिली पेन्शनमध्ये पत्नीनंतर पंचवीस वर्षांपर्यंतची मुलं होती, अविवाहित, विधवा, घटस्फोटित मुलगी होती, अपंग मूल आयुष्यभर होतं, अवलंबून असलेले आईवडील होते. यूपीएसमध्ये दोघं गेले की पेन्शन संपली. आणि कर्मचाऱ्याच्या नावावर साचलेली रक्कम तोवर सरकारच्या सामाईक खात्यात गेलेली असते, ती मुलांकडे परत येत नाही.

आमच्या सोसायटीतल्या एक वहिनी आहेत. त्यांचा मुलगा मोठा झालाय, पण स्वतःच्या हातानं जेवत नाही. भाऊजींनी शेवटच्या आठवड्यात यूपीएसचा फॉर्म भरला. ऑफिसातल्या दोघा-तिघांनी भरला म्हणून. घरी येऊन सांगितलं, "झालं एकदाचं काम. तुला साठ टक्के पक्के." वहिनींना आनंद झाला. डिसेंबरात काकूंची गोष्ट कानावर गेली, तेव्हा त्या माझ्याकडे आल्या आणि एकच प्रश्न विचारला, "माझे साठ टक्के कळले. पण माझ्यानंतर याला काय?"

याला यूपीएसमधून काही नाही. एनपीएसमध्ये राहिले असते तर साठ टक्के रोख त्याच्या नावानं ठेवता आली असती आणि अॅन्युइटीची मूळ रक्कम दोघांनंतर त्याच्यासाठी परत आली असती. बाजाराची जोखीम धरून. हा प्रश्न भाऊजींना सुचला नाही, त्याच्या आईला एका क्षणात सुचला. रात्री तीन वेळा उठून त्या मुलाची कूस बदलणारी तीच आहे ना.

एक दार उघडं आहे. यूपीएसमधून एनपीएसमध्ये एकदाच परत जाता येतं, निवृत्तीच्या निदान एक वर्ष आधीपर्यंत. भाऊजींना अजून अकरा वर्षं आहेत. म्हणजे बसून हिशेब करायला वेळ आहे. शिवाय केंद्राच्या नियमांत आणखी एक पर्याय असतो, तो कित्येकांना माहीतच नसतो: नोकरीत असतानाच काही बरंवाईट झालं, तर कुटुंबाला जुन्या नियमांची फॅमिली पेन्शन हवी की साचलेल्या रकमेवरचे लाभ, हे आधी लिहून द्यायचं असतं. तेही पुढे बदलता येतं. जुन्या नियमांमध्ये हा मुलगा येतो. तो कागद भाऊजींनी भरलाय का? वहिनींना माहीत नाही. भाऊजींनाही आठवत नव्हतं.

आतापर्यंत मी "त्याची सही" म्हणत आले, पण नोकरीत बायकाही आहेतच. त्यांच्या बाबतीत हा जोडीदार शब्द उलटा फिरतो. माझ्या ओळखीची एक क्लार्क आठ वर्षं नवऱ्यापासून वेगळी राहते. घटस्फोटाचा दावा कोर्टात पडून आहे. केंद्रानं जानेवारी २०२४ मध्ये एक चांगली दुरुस्ती केली होती: घटस्फोटाचा किंवा कौटुंबिक हिंसाचाराचा खटला चालू असेल तर कर्मचारी स्त्री फॅमिली पेन्शनसाठी नवऱ्याच्या आधी मुलांचं नाव देऊ शकते. पण ती जुन्या फॅमिली पेन्शनपुरती. यूपीएसमध्ये मुलांना जागाच नाही, तेव्हा निवृत्तीपर्यंत दावा निकाली निघाला नाही तर तिच्यानंतरचे साठ टक्के कुणाला जाणार? ज्यानं लेकीच्या फीचा एक रुपया दिला नाही त्याला. आणि जी बाई सासूच्या आजारपणात नोकरी सोडते तिनं हेही पाहावं की राजीनामा दिला तर यूपीएसची हमी मिळतच नाही, आणि स्वेच्छानिवृत्ती घेतली तरी पैसे लगेच सुरू होत नाहीत. ज्या तारखेला ती रीतसर निवृत्त झाली असती, तेव्हापासूनच. पन्नाशीत घरी बसलेली बाई साठीपर्यंत काय खाणार, हे कुणी विचारात घेतलेलं दिसत नाही. घरच्यांच्या आजारपणासाठी मधेच नोकरी सोडणारे बहुतेक वेळा कोण असतं हे तुम्हाला-मला सांगायला नको.

मग काय करायचं? अमेरिकेत १९८४ च्या कायद्यानं खासगी कंपन्यांच्या पेन्शनसाठी असं ठरवलं की मागे राहणाऱ्या जोडीदाराचा वाटा सोडून जास्त रकमेचा प्रकार घ्यायचा, तर जोडीदाराची लेखी, साक्षीदारासमोरची संमती हवी. तिथल्या केंद्र सरकारच्या नोकरांनाही जोडीदाराचा वाटा कमी करायचा तर तशीच संमती लागते. ते वाचून मी टाळी वाजवली आणि मंडळात जाहीर करून टाकलं, की आपल्याकडेही प्रत्येक पर्यायाच्या फॉर्मवर जोडीदाराची संमती सक्तीची हवी.

तर आमच्यातलीच एक शिक्षिका म्हणाली, "ताई, माझ्या पगाराचं एटीएम कार्ड ह्यांच्या खिशात असतं. आता पेन्शनच्या फॉर्मलाही ह्यांची परवानगी काढू?"

मी गप्प बसले. तिचं बरोबर आहे. संमती म्हटलं की ज्याच्या हातात काठी त्याचीच ती होते. म्हणून आता माझं म्हणणं थोडं बदललं आहे. संमती नको, निदान सांगितल्याची सही असावी. कर्मचारी पुरुष असो की स्त्री, त्याच्या पर्यायामुळे मागे राहणाऱ्याला किती मिळणार, किती काळ आणि त्यानंतर कुणाला, हे तीन आकडे साध्या मराठीत एका कागदावर घरी पोचावेत आणि पोचल्याची सही परत यावी. खात्याला यात काही अवघड नाही. साधी बँकेतली मुदतठेव करताना आपल्याला वारसाचं नाव दहा वेळा विचारतात. आणि हयातीपुरतीच अॅन्युइटी घ्यायची असेल, जोडीदाराला काहीच न ठेवणारी, तर मात्र तिथं संमतीच हवी. त्यावर मी ठाम आहे. ज्या घरात कार्ड दुसऱ्याच्या खिशात आहे त्या घरीही एवढ्या एका गोष्टीला संमती मागितल्यानं कमावणाऱ्या बाईचं नुकसान होत नाही. न मागितल्यानं मात्र काकूंसारखीचं होतं.

"आमचा मामला आम्ही बघू, सरकार घरात कशाला?" असं काही पुरुष म्हणतील. म्हणू देत. सरकार घरात आधीच आहे. ते दरमहा पगारातून दहा टक्के कापून घेतं, त्यात घरच्या किराण्याचेही पैसे असतात.

आणि हे काही झालं-गेलं प्रकरण नाही. केंद्राच्या नोकरीत आता नव्यानं लागणाऱ्या मुलामुलींना यूपीएस घ्यायची का हे रुजू झाल्यापासून तीस दिवसांत ठरवायचं असतं. तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी! पेढे वाटण्यात आणि भाड्याची खोली शोधण्यात तो महिना जातो. राज्याच्या कर्मचाऱ्यांपुढेही २०२४ पासून एनपीएस, यूपीएस आणि सुधारित एनपीएस असे तीन रस्ते आहेत. जाहिरात १ नोव्हेंबर २००५ च्या आधीची पण नेमणूक नंतरची, अशांना फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयानं जुन्या पेन्शनचा एकदाच पर्याय दिला होता, त्यालाही सहा महिन्यांची मुदत होती. प्रत्येक वेळी मुदत, प्रत्येक वेळी फॉर्म, आणि प्रत्येक वेळी घरातल्या बाईला कळतं ते "झालं एकदाचं काम" एवढंच.

काकूंचं काय झालं? अजून काही झालेलं नाही. आम्ही खात्याला अर्ज दिला आहे की त्यांना कळवलं गेलं नाही, तेव्हा त्यांचा विचार व्हावा. पोच मिळाली आहे. त्या दोन घरी पोळ्या करतात. परवा येऊन म्हणाल्या, "ताई, ते आठशे रुपये जास्त यायचे ना, त्यातून ते मला गजरा आणायचे. म्हणायचे, पेन्शनीत आलाय." हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही.

वहिनी मात्र पुढच्या शुक्रवारी भाऊजींना घेऊनच आल्या. भाऊजी जरा नाराज होते, बायकांच्या खोलीत बसायला संकोचले होते. चष्मा काढून एकेक कागद वाचू लागले. यूपीएसचा फॉर्म बरोबर होता. वहिनींचं नाव, जन्मतारीख, सगळं नीट. मग एनपीएस खात्याचा वारसाचा कागद निघाला, २००६ साली रुजू होतानाचा. लग्न २००९ चं. लग्न झालं की आधीचं नामनिर्देशन बाद होतं आणि नवं करावं लागतं, हे त्यांना माहीत नव्हतं. रकान्यात त्यांच्या आईचं नाव होतं. त्या २०१८ मध्येच गेल्या.

भाऊजींनी कागद दोनदा वाचला. वहिनी काही बोलल्या नाहीत, मुलाच्या हनुवटीवरची लाळ पुसत बसल्या. थोड्या वेळानं भाऊजींनी खिसे चाचपले आणि मला म्हणाले, "ताई, पेन आहे का? आणि तो दुसरा फॉर्म कुठला म्हणालात, नोकरीत असताना गेल्यावरचा? तोही द्या. हिला वाचायचाय."